बारा नंबरची खुंटी

"आजी, आवाज जरा खाली ठेवा."

मला म्हणतो! मला! अहो, मी अजून आवाज काढलाच नव्हता, नुसता घसा खाकरला होता, आणि हा गृहस्थ हाताची घडी घालून, मान एका बाजूला कलती करून, दवाखान्यात कुणाला भेटायला गेल्यावर चेहऱ्यावर ठेवतात ना, तसलं हसू ठेवून मला सांगतो, "आवाज खाली ठेवा, मुलींचं लक्ष जातं." कुठे? तर तळघरातल्या धुलाईखान्यात! जिथे खोलीएवढाली आठ धुलाईयंत्रं अशी घरघरत असतात की शेजारचा माणूस शिंकला तर नुसतं त्याचं तोंड उघडलेलं दिसतं, तिथे माझ्या आवाजाने मुलींचं लक्ष जातं! मी म्हटलं, "साहेब, माझ्या नातीची सहा दिवसांची भरपगारी रजा द्या. सहा! साठ नाही, सहाशे नाही. एवढं द्या, की मी आत्ताच्या आत्ता गप्प बसते." तर म्हणतो, "आजी, रजेचं असं आहे ना…" आणि थांबतो. तुम्ही सांगा, 'असं आहे ना' म्हणून कुणी थांबतं का? कसं आहे ते सांग ना बाबा पुढे! नाही. थांबणार. तुमच्याकडे बघणार. मग उरलेलं वाक्य तुमचं तुम्हीच मनात पुरं करायचं आणि तुमचं तुम्हीच घाबरायचं.

तुम्हाला सांगते, ओरडणारा परवडला हो! ओरडणारा माणूस काय करतो? ओरडतो. लाल होतो, दमतो, पाणी मागतो, संपलं. त्याची वाफ तोंडावाटे निघून जाते. पण हा मऊ बोलणारा… याची वाफ जाते कुठे?

मी त्याला मऊसाहेब म्हणते. खरं नाव मला ठाऊक आहे, पण घेणार नाही, कारण हा माणूस रबरी तळव्याचे बूट घालतो आणि कधी मागे येऊन उभा राहतो ते कळत नाही. हसू नका. तुमच्यापैकी शेवटच्या रांगेतल्यांनी एकदा मागे बघून घ्या.

तर ही माझी नात. मुलाची मुलगी. वय वर्षं सतरा, शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर, आणि शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस या तळघरात कामाला. मोठमोठ्या हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे धुवायला येतात. धुऊन, वाळून, कडक इस्त्रीच्या रुळांमधून बाहेर पडल्या की दोघींनी दोन टोकं धरायची, घडी घालायची, एकावर एक रचायची. दिवसाला चारशे चादरी. लहानपणापासून ही पोरगी इतकी हळू बोलते की आम्ही घरात तिला पुटपुटी म्हणतो. भूक लागली तरी पुटपुट, पडली तरी पुटपुट. चौथ्या वर्षी हिचं बोट दारात सापडलं होतं, तर रडायचं सोडून माझ्या कानाशी येऊन सांगते, "आजी, बोट." बस्स, एवढंच! मला वाटायचं, या घराण्यात ही आली कुठून? माझा आवाज तर रस्त्यापलीकडच्या किराणावाल्याला ऐकू जातो, मी खिडकीतून सामान सांगते आणि तो पाठवतो, टेलिफोनचा खर्च नाही.

पैसे कशाला लागतात म्हणाल, तर परीक्षेच्या फीचा दुसरा हप्ता. तो भरल्याशिवाय बसूच देत नाहीत. मुलाची कमाई भाड्यात जाते, सूनबाईची पोटात जाते, आणि माझं पेन्शन म्हणजे काय हो, माझ्या गुडघ्यांच्या गोळ्याच ते खाऊन टाकतात. म्हणजे बघा, परीक्षेआधीचे दोन आठवडे अभ्यासाला हवेत, पण त्या दोन आठवड्यांचा पगार आला नाही तर अभ्यास करून बसणार कुठे? दोन आठवड्यांचे कामाचे दिवस सहा. आणि या पोरीने अकरा महिन्यांत एक दिवस चुकवलेला नाही. ताप असताना गेली. पायाला पट्टी बांधून गेली. मी म्हटलं, "अगं, तुझी हक्काची रजा असेल ना? माग की!" तर ही खाली बघते. पुटपुटते. मी म्हटलं, "मोठ्याने!" तर म्हणते, "आजी, तिथे रजा मागत नाहीत."

"मागत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे… मागितली की खुंटी जाते."

आता ऐका हं, ही खुंट्यांची गोष्ट नीट ऐका, कारण ती ऐकल्यापासून मला आमच्या घरातल्या खुंट्यांकडे सरळ नजरेने बघवत नाही. तळघराचा जिना उतरलं की समोर भिंत, आणि भिंतीवर रांगेने पितळेच्या खुंट्या. प्रत्येकीवर नंबर, आणि त्या नंबराचा एप्रन. नावाने तिथे कुणी कुणाला हाक मारत नाही. आमची पुटपुटी म्हणजे बारा नंबर. तर पाच नंबरच्या पोराने मागे कधी तरी रजा मागितली. मऊसाहेब रागावले का? छे! खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू विचार कर, बाळ. घाई नाही." पोरगा खूश. पुढच्या आठवड्यात आला तर पाच नंबरची खुंटी भिंतीवर नाही! कामावरून काढलं का? नाही. चिठ्ठी? नाही. कुणी वाकडा शब्द बोललं? नाही. पण एप्रन लावायला खुंटी नाही, आणि एप्रन नसेल तर यंत्राजवळ जायचं नाही असा नियम, आणि नियमापुढे मऊसाहेब तरी काय करणार! उभा राहिला बिचारा अर्धा तास जिन्याखाली, आणि गेला. त्या जागी भोकात पांढरी लांबी, रंगारी भिंतीची भोकं बुजवतात ती, भरली होती, वरून हात फिरवून गुळगुळीत केलेली. म्हणजे इथे खुंटी होती असं कुणी शपथेवर सांगितलं तरी खोटं वाटावं!

मग अकरा नंबर. "विचार कर, बाळ. घाई नाही." लांबी. मग नऊ नंबरची बाई. माझ्या सुनेच्या वयाची, या पोरीबरोबर चादरीचं दुसरं टोक तीच धरायची. तिच्या मुलीचं बाळंतपण आलं, हिने चार दिवस मागितले. "विचार करा, ताई. घाई नाही." रविवारी संध्याकाळी जाताना त्या बाईने स्वतःच्या खुंटीवरून नुसता हात फिरवला म्हणे. तिला कळलं होतं. शुक्रवारी पोरगी गेली तर भिंतीवर पांढरा ठिपका, अजून ओला.

आता त्या भिंतीवर खुंट्या किती आणि ठिपके किती, हे मी मोजलंय. सांगत नाही. तुम्हाला आज झोप लागायला हवी.

घरी भांडण झालं ते वेगळंच. सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही तिथे जाऊ नका. तुम्ही गेलात की जी काही नोकरी आहे ती पण जाईल." मी म्हटलं, "मी काय तिथे भांडायला जातेय?" तर माझा मुलगा, जो घरात सहसा तोंड उघडत नाही, तो भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणतो, "आई, तू भाजी आणायला जातेस तेव्हाही भांडायलाच जातेस." आता याला काय म्हणावं? पोटचा पोरगा! आणि पुटपुटी? ती माझा पदर धरून, "आजी, नको ना. आजी, मी बघते." तू बघतेस! तू काय बघणार? तुझा आवाज तुझ्या ओठांबाहेर पडत नाही, त्या यंत्रांच्या वर कुठून जायचा?

आणि मी काही हात हलवत जाणारी बाई नव्हे, हं. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण वाचायला मी पस्तिसाव्या वर्षी माझी मी शिकले, आणि का शिकले तेही सांगते. पुठ्ठ्याची खोकी करायच्या कारखान्यात होते मी. एक दिवस साहेबाने कागद पुढे केला, "बाई, बोनसचा कागद आहे, अंगठा लावा." मी आनंदाने लावला. शाई पुसायलासुद्धा नको वाटलं मला, म्हटलं, घरी जाऊन दाखवू. दुसऱ्या दिवशी फाटकावरचा माणूस आत सोडेना. त्या कागदावर लिहिलं होतं की मी राजीखुशीने काम सोडते आहे. राजीखुशीने! तेव्हापासून सामानाला गुंडाळून आलेला कागद म्हणू नका, औषधाच्या डबीवरचं म्हणू नका, भिंतीवरच्या जाहिराती म्हणू नका, एक अक्षर मी सोडलं नाही. आज एकाहत्तर वर्षांची आहे, पण कागद उलटसुलट दोन्हीकडून वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. तर मी सरळ कामगार कचेरीत गेले, तिथे एक पातळशी पुस्तिका फुकट वाटतात, ती घेतली, आणि रात्रभर नाही, उगाच कशाला खोटं बोलू, दुपारभर वाचली. पान चौदा! अर्धवेळ कामगारालाही भरपगारी रजेचा हक्क आहे, वय कितीही असो. आठवड्याला जितके दिवस काम, त्याच्या चौपट दिवस वर्षाला. तीन चोक बारा! बारा दिवस माझ्या पोरीचे, आणि ती भ्यायली सहा मागायला! चौदाव्या पानावर मी लाल पेन्सिलीने अशी रेघ ओढली की तेराव्या पानावर उमटली.

आणि मग चहाचा कप पंधराव्या पानावर ठेवला. हे लक्षात ठेवा. मी लक्षात ठेवलं नाही.

तर रविवारी संध्याकाळी, पाळी सुटायच्या वेळी, मी तो जिना उतरले. सत्तावीस पायऱ्या. प्रत्येक पायरीला हवा जाड होत जाते, ओली, गरम, साबणाचा वास असलेली. खाली खिडकी नाही. वर छताला लागून काचेची एक केबिन आहे, दुधी काच, आतलं काही दिसत नाही. तिथे 'वरचे' बसतात. मालक म्हणा, आणखी कुणी म्हणा. इतक्या वर्षांत त्यांना कुणी पाहिलेलं नाही. फक्त कधी कधी काचेमागे दिवा लागतो आणि खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. बाकी यंत्रांच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, पण ती खुर्ची ऐकू येते! कशी, ते विचारू नका. खुर्ची सरकली की खालच्या सगळ्या बायका एकदम भराभर घड्या घालायला लागतात.

मी उतरले आणि सरळ मुद्द्याला हात घातला, आणि मग ते "आवाज खाली ठेवा" आणि ते "असं आहे ना…" जे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं. मी पुस्तिका काढली, चौदावं पान त्याच्या नाकासमोर धरलं आणि वाचलं, मोठ्याने, खणखणीत! वाटलं, आता याचं हसू जाईल. गेलं नाही. तो म्हणाला, "वा. आजी, तुम्ही किती छान वाचता." आणि वळून कपाटातून हजेरीची वही काढली. काय ती वही! कोपरा दुमडलेला नाही, डाग नाही, पेन्सिलीने आखलेले चौकोन असे की मुंगीने सरळ चालायला शिकावं. बारा नंबरचं पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. "बघा."

बघितलं. शुक्रवार, शनिवार, रविवार, बरोबरची खूण. आणि सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार… प्रत्येक चौकोनात सुबक, गोल अक्षरात एक 'र'. र. र. र. र. पान उलटलं. र र र र. अकरा महिने!

"हे काय?" मी म्हटलं.

"रजा," तो म्हणाला. "आमच्याकडे वहीत मोकळा चौकोन ठेवायची पद्धत नाही, आजी. वरच्यांना मोकळी जागा आवडत नाही. ज्या दिवशी माणूस आलं नाही, त्या दिवशी रजा. आठवड्याला चार. एकंदर एकशे ब्याण्णव झाल्या. तुम्ही म्हणता, हक्काच्या बारा. म्हणजे तुमच्या नातीने एकशे ऐंशी दिवस जास्तच घेतलेत." आणि मान आणखी कलती. "आम्ही कधी काही बोललो का तिला?"

ऐकलंत? आम्ही कधी बोललो का तिला! म्हणजे देणं आमच्याच अंगावर, आणि ते यांनी मोठ्या मनाने पोटात घातलंय! मी आयुष्यात फार माणसं पाहिली, शिव्या देणारी पाहिली, अंगावर येणारी पाहिली, पण कुणी मला माझ्याच नातीचा सोमवार दाखवून त्यावर आभार मागितले नव्हते. ओरडणारा परवडला हो, ओरडणारा परवडला!

मी म्हटलं, "ती सोमवारी शाळेत असते! तिला तुम्ही सोमवारी बोलावलंच कुठे होतं?" तर त्याने बोट पानाच्या तळाशी नेलं. हळूच. तिथे सही होती. पुटपुटीची. दर महिन्याच्या पानाखाली एक, अशा अकरा. "वाचून, मान्य करून," तो म्हणाला.

माझ्या अंगठ्याला शाई लागल्यासारखं झालं बघा. छत्तीस वर्षं झाली त्याला, आणि तिथे उभ्या उभ्या मला शाईचा वास आला. मी वळले आणि, खोटं कशाला सांगू, सगळं सोडून माझ्याच पोरीवर तुटून पडले. "सही केलीस? न वाचता सही केलीस? अगं, या घरातली तू! मी पुड्याचा कागद वाचून मग साखर डब्यात ओतते, आणि तू…" ती उभी. हातात चादरीचं एक टोक. दुसरं टोक जमिनीवर, कारण ते धरायला नऊ नंबर नव्हतीच. आजूबाजूच्या बायकांनी माना खाली घातल्या.

आणि मग मऊसाहेबांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

छोटासा. पिवळ्या मुठीचा. शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी ठेवतो तो! रबरी बुटांनी भिंतीपाशी गेला, बारा नंबरच्या खुंटीवरचा एप्रन काढला, झटकला, नीट घडी घातली. घडी छान घालतो, ते मान्य करायला हवं. आणि माझ्याशी बोलत बोलत पहिला स्क्रू फिरवायला लागला. "आजी, मुलगी हुशार आहे. तिने अभ्यासच करावा. आमचं काही म्हणणं नाही. तिने विचार करावा. घाई नाही." कर्र… कर्र… "तिच्या हिताचंच आहे." कर्र. मी ओरडले. होय, आता मात्र ओरडले, असं ओरडले की आठही यंत्रांच्या वर गेला माझा आवाज. "ठेव ते खाली! कचेरीत खेचीन! लाज वाटत नाही का?" आणि तुम्हाला सांगते, मी जसजशी ओरडत होते तसतसा तो शांत होत होता. जसं काही माझं ओरडणं त्याला वारा घालत होतं. वर दुधी काचेमागे दिवा लागला. पहिला स्क्रू निघाला. त्याने तो तळहातावर घेतला, फुंकर मारली आणि खिशात टाकला. खुंटीला दोनच स्क्रू असतात हो! कपाटावर लांबीचा डबा होता, झाकण आधीच उघडलेलं. म्हणजे आज मी आले नसते तरी…? की मी येणार हे त्याला ठाऊक होतं? माझा घसा बसला. खराच बसला. पुढचा शब्द फुटेना. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा.

आणि तेवढ्यात माझ्या कोपराजवळून कुणी तरी म्हणालं, "साहेब, एक विचारू?"

पुटपुटी! चादर बाजूला ठेवून आली होती. माझ्या हातातली पुस्तिका तिने अलगद काढून घेतली. मला वाटलं, माफी मागते आता, पाया पडते.

"हे सगळे 'र' तुमच्याच हातचे ना?"

"हो, बाळ." कर्र.

"आणि रजा कामाच्या दिवशीच असते ना? ज्या दिवशी कामच नाही, त्या दिवसाची रजा कशी लावणार?"

"अर्थात," तो म्हणाला. सवयीने म्हणाला. नीटनेटका माणूस ना! आणि मग स्क्रू ड्रायव्हर जरासा थांबला.

"म्हणजे सोमवार, मंगळवार, बुध, गुरू हे माझे कामाचे दिवस होते. तुमच्या वहीप्रमाणे. आणि शुक्र, शनि, रवि तर मी आलेच होते. आठवड्याचे सातही झाले. अकरा महिने." तिने चौदाव्याच्या समोरचं पान पुढे धरलं. पंधरावं! माझ्या चहाच्या कपाचा गोल डाग होता त्यावर, आणि त्या गोलाच्या मधोमध, मी, जी कागद दोन्हीकडून वाचते, तिने न वाचलेलं अक्षर न् अक्षर. तिने वाचलं, पुटपुटत, आणि काय सांगू, यंत्रं चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "'अठरा वर्षांखालच्या कामगाराला आठवड्यातून पाचपेक्षा जास्त दिवस कामावर लावता येत नाही. लावल्यास मालक आणि व्यवस्थापक दोघेही जबाबदार.' माझी जन्मतारीख तुम्हीच लिहून घेतली आहेत, वहीच्या पहिल्या पानावर. सह्या मी वाचूनच केल्यात, साहेब. पहिल्या महिन्यापासून."

पहिल्या महिन्यापासून! अहो, अकरा महिने ही पोरगी त्या 'र'च्या खाली सही करत होती आणि घरी येऊन गुपचूप जेवत होती! पाच गेला, अकरा गेला, नऊ गेली, आणि ही चौकोन भरले जाण्याची वाट बघत होती! मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मान एका बाजूला जराशी कलती. हात एकावर एक. आणि माझ्या पाठीतून जे सरसरत गेलं, ते त्या पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर बघूनही गेलं नव्हतं.

"आता एक तर मी तीन दिवसांची कामगार आहे," ती म्हणाली, "आणि माझी एकही रजा झालेली नाही. नाही तर सात दिवसांची आहे, आणि वही खरी आहे. दोन्ही तुमच्याच अक्षरात."

वर खुर्ची सरकली. या वेळी कुणी घडी घातली नाही. मऊसाहेबांनी वर बघितलं, मग वहीकडे, मग खोडरबराकडे. बघितलं हो, मी पाहिलं! पण एकशे ब्याण्णव 'र', आणि शाईतले. तोंड उघडलं, "रजेचं असं आहे ना…" आणि थांबला. पण या वेळी पुढचं वाक्य मनात पुरं करायची पाळी त्याची होती.

तुम्ही विचाराल, मग झालं काय? मिळाली. सहा दिवस, भरपगारी, पाकिटातून, पाकिटावर सुबक गोल अक्षरात 'बारा'. फीचा हप्ता गेला. पोरगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसली आहे. खुंटी आहे भिंतीवर, मी परवाच उतरून बघून आले, पण एकाच स्क्रूवर. दुसरा त्याच्या खिशात आहे. परीक्षा झाली की तिला पुन्हा शुक्रवारी तो जिना उतरायचाय. मी म्हटलं, "सोड ते काम." तर म्हणते, "नाही आजी. नऊ नंबरच्या पानावर पण 'र' आहेत." एवढंच म्हणाली, आणि पुन्हा पुस्तकात डोकं. काल मला हळूच विचारलं, "आजी, गोळी घेतलीस?" मी उद्याचीसुद्धा गिळून टाकली! सूनबाई तिला जेवायला हाक मारताना हल्ली दारावर आधी टकटक करते. पन्नास वर्षं मी घसा फोडला, फाटकं हलवली, साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, हाती काय लागलं? बसलेला आवाज. आणि ही… तुम्हाला सांगते, मला आनंद व्हायला हवा, झालाय पण, पण रात्री तिच्या खोलीतला दिवा दिसला की मी पाय न वाजवता दारापुढून जाते. ओरडणारा परवडला हो. माझ्यासारखा.

आणि हो, भांडण ज्या वाक्याने संपलं, ते सांगायचं राहिलंच की. तो तसाच उभा होता ना, अर्ध्या वाक्यावर, हातात तो स्क्रू ड्रायव्हर, तर तिने त्याच्या बोटांमधून तो अलगद काढून घेतला, त्याच्याच खिशात, पेनाशेजारी नीट खोचून ठेवला, आणि इतक्या मायेने, इतक्या मऊ आवाजात म्हणाली, की मशीनवरच्या बायकांनी एकमेकींचे हात धरले…

"तुम्ही विचार करा, साहेब. घाई नाही."